दोरी ढिली ठेवणारा राजा

(बी. ए. भाग २)

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गावात एक पिसाळलेले कुत्रे शिरले. त्याने दोन बकऱ्यांना आणि एका कालवडीला चावा घेतला. गावकऱ्यांनी त्याला मारले, पण भीती मागे राहिली. घरोघरच्या कुत्र्यांना टोचून आणावे असे ठरले. ढोरांचा दवाखाना आमच्या गावापासून तीन किलोमीटर. आमच्या मोत्याला तिथवर नेण्याचे काम माझ्याकडे आले.

मोत्याने जन्मात कधी दोरी पाहिली नव्हती. मी त्याच्या गळ्यात दावे अडकवले आणि ओढले. तो चारही पाय रोवून बसला. मी आणखी ओढले, तर तो रस्त्यातच आडवा झाला आणि गुदमरल्यासारखा खोकू लागला. पारावरची माणसे हसू लागली. कॉलेजात जाणारी पोरगी, आणि एक कुत्रे हिच्याने चालवत नाही! मला रडू आले. रागाच्या भरात मी त्याला चापटही मारली.

तेवढ्यात माझे बाबा आले. बाबा तिसरीपर्यंत शिकलेले. सालगडी म्हणून त्यांनी दुसऱ्यांच्या घरची कितीतरी गोऱ्हे औताला शिकवली. त्यांनी माझ्या हातून दावे घेतले आणि काही न बोलता मोत्याशेजारी धुळीत बसले. दोरी सैल सोडली. बऱ्याच वेळाने मोत्या उठला, दोन पावले चालला. बाबांनी लगेच पोळीचा तुकडा दिला. तो पुढे धावून दोरी ताणू लागला की बाबा जागच्या जागी थांबत. ओढत नसत, रागावत नसत. दोरीला ढील आली की पुन्हा चालू लागत. पहिल्या दिवशी ते दोघे विहिरीपर्यंत गेले, दुसऱ्या दिवशी देवळापर्यंत. नवव्या दिवशी मोत्या माझ्या पायाशी पाय लावून दवाखान्यापर्यंत चालत गेला. सुई टोचून घेतली आणि तसाच शांतपणे परत आला.

बाबांनी मला तेव्हा एवढेच समजावले की ताणलेली दोरी जनावराला फक्त उलट ओढायला शिकवते.

ही गोष्ट मी विसरूनही गेले असते. पण २६ जूनला राजर्षी शाहू महाराजांची जयंती असते. महाराष्ट्रात तो दिवस सामाजिक न्याय दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी बोलायचे म्हणून मी ग्रंथालयातून पुस्तके आणली. वसतिगृहे, आरक्षण, सक्तीचे शिक्षण हे सारे थोडेफार माहीत होते. नवे कळले ते असे की कोल्हापूरच्या या राजाच्या पदरी शिकारी चित्ते होते, आणि त्या चित्त्यांना दोरीने बांधून भर बाजारातून कुत्र्यासारखे चालवीत नेत असत! मला बाबा आणि मोत्या आठवले. तेव्हापासून या राजाकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागले. ज्याच्या हातात इतक्या दोऱ्या होत्या, त्याने त्या कशा धरल्या? या लेखात मी तेच शोधण्याचा प्रयत्न केला आहे.

शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. त्यांचे मूळचे नाव यशवंतराव. आई राधाबाई त्यांच्या बालपणीच वारल्या. त्याच वेळी कोल्हापूरच्या गादीवर मोठे संकट होते. चौथे शिवाजी महाराज यांना वेडे ठरवून इंग्रजांनी अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले होते आणि तिथेच १८८३ च्या डिसेंबरात, पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत, त्या तरुण राजाचा अंत झाला. छत्रपतींच्या गादीचा धनी बंदिवासात मरतो! त्याच्या जागी, १७ मार्च १८८४ रोजी, आनंदीबाईसाहेबांनी यशवंतरावांना दत्तक घेतले आणि ते शाहू छत्रपती झाले. तेव्हा ते दहा वर्षांचेही नव्हते. दोन वर्षांनी वडीलही गेले.

म्हणजे पाहा, ज्या मुलाच्या हातात पुढे राज्याचा कासरा यायचा होता, तो स्वतःच आधी दुसऱ्यांच्या दोरीने चालला. राजकोटच्या राजकुमार कॉलेजात चार वर्षे आणि नंतर धारवाडला फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. भावनगरचे भावसिंहजी त्यांचे सहाध्यायी आणि जिवलग मित्र. फ्रेझरने या मुलांना देशभर हिंडवले, राज्यकारभार दाखवला. धिप्पाड शरीराचे शाहू कुस्तीत रमत, घोड्यावर बसून भाल्याने रानडुकराची शिकार करीत. जनावरांचे वेड त्यांना लहानपणापासूनच. २ एप्रिल १८९४ रोजी, विसाव्या वर्षी, त्यांनी राज्याची सूत्रे हाती घेतली.

आता त्या चित्त्यांविषयी सांगते. चित्ता म्हणजे बिबट्या नव्हे. आमच्या नागझिऱ्याच्या आणि नवेगावच्या जंगलात बिबट्या आहे, वाघ आहे. चित्ता हा मोकळ्या माळरानाचा प्राणी. ताशी १०० किलोमीटरच्या आसपास त्याचा वेग, पण तो काही सेकंदच टिकतो. काळवीट हे त्याचे भक्ष्य. भारतात राजेरजवाड्यांनी शेकडो वर्षे त्याला शिकारीसाठी पाळले. अकबर बादशहाला त्याचा मोठा शौक होता. पण चित्ता पिंजऱ्यात सहसा पिले देत नाही. म्हणून प्रत्येक चित्ता रानातून धरूनच आणावा लागे, आणि तोही वाढलेला. कारण शिकार करायला त्याला त्याची आईच शिकवते. माणसाने त्याला फक्त माणसाजवळ राहायला शिकवायचे असते.

तो धरीत कोण? बहुधा पारधी. ज्या झाडाशी चित्ते नखे घासायला येत, त्या झाडाभोवती ते हरणाच्या तातीचे फासे लावीत. फासेपारधी हे नावच त्यावरून पडले.

धरून आणलेला चित्ता चित्तेवानाच्या स्वाधीन होई. त्याच्या डोळ्यांवर कातड्याची टोपी चढवीत, म्हणजे तो बिथरत नसे. गळ्यात एक पट्टा, कमरेला दुसरा, आणि दोन्ही बाजूंना दोऱ्या. मग त्याच्याजवळ बायकामुलांना बसवून दिवसभर गप्पा मारायला लावीत, माणसाच्या आवाजाची सवय व्हावी म्हणून. चित्तेवान त्याला हाताने मांस भरवी, रात्री त्याच्याशेजारीच खाट टाकून झोपे. थोडा निवळला की त्याला गर्दीतून, दुकानांपुढून चालवीत नेत. टोपी हळूहळू वर सरकवीत. लाकडी पळीत मांस दाखवले की तो दोरीला हिसका न देता मागे येऊ लागे. या सगळ्याला साधारण सहा महिने लागत.

शिकारीच्या दिवशी त्याला छकड्यावर बसवून काळविटांच्या कळपाजवळ नेत. टोपी काढली, दोरी सोडली की बाणासारखा सुटे. काळवीट पकडले तर चित्तेवान धावत जाऊन पळीतून त्याचा वाटा देई आणि टोपी चढवी. हुकले तर चित्ता रुसल्यासारखा तिथेच बसून राही. त्याला मारून उठवता येत नसे. पळी घेऊन जवळ जावे लागे आणि त्याची मर्जी सांभाळावी लागे. म्हणजे चित्ता काय आणि आमचा मोत्या काय, दोघांना शिकवण्याची रीत एकच: धीर, भाकर आणि ढिली दोरी.

शाहू महाराजांचे राज्य चालवणे मला या रीतीच्या अगदी जवळचे वाटते. मात्र राज्यात त्यांना पहिल्याने दिसले ते आवळलेलेच फास. दरबारातल्या वरच्या नोकऱ्या जवळजवळ सगळ्या एकाच जातीच्या हाती होत्या. बाकीच्या समाजाला अक्षरओळख नव्हती. १८९९ मध्ये वेदोक्ताचे प्रकरण घडले. पंचगंगेवर स्नानाच्या वेळी राजासाठीही पुराणोक्त मंत्र म्हटले जात होते. वेदमंत्रांचा अधिकार त्यांना नाकारला गेला. छत्रपतीची ही गत, तर त्याच्या राज्यातल्या महार-मांगाची काय असेल? हा विचार त्यांच्या मनात तेव्हा खोल रुतला असला पाहिजे, कारण पुढची सगळी कामे त्याच दिशेने झाली.

१९०१ मध्ये कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह निघाले. त्यामागोमाग जैन, मुस्लिम, लिंगायत अशी एकेका समाजाची वसतिगृहे उभी राहिली. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. खेड्यातल्या मुलाला शहरात शिकायचे तर आधी त्याला डोक्यावर छप्पर आणि दोन वेळचे जेवण हवे, हे त्यांनी ओळखले. आज मी स्वतः वसतिगृहात राहून शिकते, म्हणून या गोष्टीचे मोल मला वेगळे सांगावे लागत नाही.

२६ जुलै १९०२ रोजी करवीर गॅझेटात हुकूम प्रसिद्ध झाला की राज्यातल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निदान ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांतून भराव्यात. महाराज त्या वेळी सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेत होते. १९१७ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड! काहींना वाटेल, ही तर ताणलेली दोरीच झाली. मलाही क्षणभर तसे वाटले. पण दोरी कोणाच्या गळ्यात आहे ते पाहिले पाहिजे. गुरे राखायला जाणाऱ्या मुलाच्या गळ्यात आधीच एक दावे होते आणि ते त्याने बांधून घेतलेले नव्हते. महाराजांनी बाप नावाच्या खुंट्याला हिसका दिला, तो मूल सुटावे म्हणून. आणि दंडापाठोपाठ फी माफ केली. भाकरीचा तुकडा हातात ठेवूनच त्यांनी दोरी धरली.

पण ज्या कामाने माझे मन सर्वांत जास्त वेधले ते फासेपारध्यांचे. १८७१ च्या इंग्रजी कायद्याने अनेक जमातींवर जन्मतः गुन्हेगार असा शिक्का मारला होता. माणसाने काही केलेले असो वा नसो, ठरल्या वेळी हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचे नाही. चित्त्याच्या गळ्यात निदान तो धरल्यावर पट्टा पडे. या माणसांच्या गळ्यात तो पाळण्यातच पडत होता! शाहू महाराजांनी या लोकांना जवळ बोलावले. कोल्हापूरजवळ सोनतळी येथे त्यांचा मुक्काम असे; तिथे त्यांनी पारध्यांना झोपड्या बांधून दिल्या, काम दिले, आणि ज्यांना जग चोर म्हणत होते त्यांनाच आपल्या पहाऱ्यावर ठेवले. १९१८ मध्ये त्यांनी आपल्या राज्यात महार, मांग, रामोशी, बेरड यांची हजेरी बंद केली. दोरी सोडली तर हे पळतील, लुटतील, असे सांगणारे पुष्कळ होते. राजा त्यांच्या पहाऱ्यात निर्धास्त झोपला.

जनावरांच्या कामावरही त्यांनी मुद्दाम अस्पृश्य माणसे नेमली. हत्तींवर महार माहूत दिसू लागले. गंगाराम कांबळे या राजवाड्यावरील नोकराला पाण्याच्या हौदाला शिवल्यावरून इतर नोकरांनी मारहाण केली, तेव्हा महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केले आणि गंगारामांना स्वतःचे चहाचे हॉटेल काढायला मदत केली. हॉटेलात गिऱ्हाईक कोण येणार? महाराज स्वतः आले. गाडी भर रस्त्यात थांबवून ते गंगारामांच्या हातचा चहा घेत आणि सोबतच्या बड्या मंडळींनाही पाजीत. हुकूम काढून कोणाला तो चहा पिता आला नसता. राजाने आधी स्वतः पिऊन दाखवला.

वाचकहो, कोल्हापूर आपल्यापासून फार दूर आहे. महाराष्ट्राच्या एका टोकाला ते, दुसऱ्या टोकाला आपण. पण हा राजा आपल्याकडेही आला होता. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत त्यांनी तरुण भीमराव आंबेडकरांना अस्पृश्यांचा नेता म्हणून जाहीरपणे गौरवले. त्यानंतर दोनच महिन्यांनी, ३० मे ते १ जून १९२० या दिवसांत, नागपुरात अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली. तिचे अध्यक्ष शाहू महाराज होते. आपला गोंदिया तेव्हा मध्यप्रांतातल्या भंडारा जिल्ह्यात होता. आगगाडीने नागपूर काही तासांवर. आपल्या भागातून त्या मांडवात कोण कोण जाऊन बसले असतील, याचा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

या राजाच्या आयुष्यात शिकारीनेच सर्वांत मोठा घाव घातला. जून १९१८ मध्ये त्यांचा धाकटा मुलगा शिवाजी रानडुकराच्या शिकारीत घोड्यावरून पडून मरण पावला. लग्न होऊन वर्षच झालेले. मागे उरलेली सून इंदुमती, वय अकरा-बारा वर्षांचे! त्या काळात अशा मुलीचे काय होई, ते सांगायला नको. महाराजांनी तिला सोनतळीला नेले, सोबत मैत्रिणी दिल्या, मास्तर ठेवले आणि घरच्यांचा विरोध पत्करून शिकवायला सुरुवात केली. तिने डॉक्टर व्हावे अशी त्यांची इच्छा होती. ती पुरी झाली नाही, पण इंदुमतीराणी मॅट्रिक झाल्या आणि पुढे कोल्हापुरात स्त्रीशिक्षणाचे काम त्यांनी केले. पोटचा मुलगा गेल्याचे दुःख गिळून विधवा सुनेच्या हातात पाटी देणारा सासरा शंभर वर्षांपूर्वी होऊन गेला. आजही असे सासरे किती सापडतील?

६ मे १९२२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय अवघे ४७ वर्षांचे.

एक गोष्ट मात्र मोकळेपणाने लिहिली पाहिजे. थोर माणसाचे सगळेच थोर, असे मानणे हा त्याचा अपमान आहे. शिकारीचा षोक हा राजेलोकांचा षोक होता आणि त्यात शाहू महाराजही होते. पिढ्यान्‌पिढ्या रानातून धरल्यामुळे, मारल्यामुळे आणि माळराने नांगराखाली गेल्यामुळे भारतातला चित्ता संपत आला. १९१८ ते १९४५ या काळात सुमारे २०० चित्ते आफ्रिकेतून आणावे लागले, आणि ते आणणाऱ्यांत कोल्हापूर व भावनगर ही संस्थाने पुढे होती. आपल्या शेजारच्या छत्तीसगडात, कोरियाच्या जंगलात, १९४७ च्या सुमारास शेवटचे तीन चित्ते मारले गेले. १९५२ मध्ये चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. योगायोग असा की त्याच १९५२ मध्ये गुन्हेगार जमातींचा तो कायदाही रद्द झाला. पारधी कागदावर सुटला, पण ज्याच्यासाठी तो फासे लावी ते जनावर उरले नव्हते. आणि सुटलेल्या पारध्याकडेही लोक अजून संशयानेच पाहतात. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आणलेले चित्ते मध्यप्रदेशातल्या कुनोत सोडण्यात आले. त्यांच्या गळ्यातही पट्टे आहेत, पण ते त्यांचा ठावठिकाणा कळावा म्हणून. महाराजांच्या शिकारीचे राधानगरी-दाजीपूरचे रान मात्र आज अभयारण्य आहे. तिथे गवे निर्भयपणे चरतात.

म्हणून मी महाराजांना देव्हाऱ्यात बसवीत नाही. चित्त्याला त्यांनी बांधले, हे खरे. माणसाला त्यांनी सोडले, हेही खरे. आणि सोडताना जी रीत वापरली ती जनावरांजवळ राहणाऱ्या माणसालाच सुचावी अशी होती. भ्यालेल्याला ओढायचे नाही, त्याच्याशेजारी जाऊन बसायचे. आधी खायला द्यायचे, मग चालायला सांगायचे. आणि चालू लागला की दोरी आपण होऊन सैल करायची.

शेवटी थोडे माझ्याबद्दल. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. यंदा रोवणीच्या दिवसांत नातेवाईकांनी स्थळ आणले. मुलगी फार शिकली तर हाताबाहेर जाते, दोरी वेळीच आवळावी, असे त्यांचे म्हणणे. मी आत उभी राहून ऐकत होते. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग ते उठून मोत्याला घेऊन बाहेर फिरायला गेले. परत आल्यावर त्यांनी एवढेच सांगितले की तिसरे वर्ष होऊ द्या, मग ती ठरवेल.

पाहुण्यांनी अजून आशा सोडलेली नाही आणि माझी परीक्षा पुढ्यात आहे. पुढे काय होईल ते मी सांगू शकत नाही. पण त्या संध्याकाळी मी दारात उभी राहून पाहिले. बाबांच्या हातातली दोरी जमिनीला टेकली होती आणि मोत्या तिला जराही ताण न देता त्यांच्या बरोबरीने चालत होता.

कोल्हापूरच्या त्या राजाला आणि तिसरी शिकलेल्या माझ्या बाबांना माझे सादर वंदन.